पाच टोपल्या

शकुनची ही वागणूक चांगली नाही. एक्केचाळीस वर्षं तिच्या बांधीत धानाची पहिली मूठ मी टाकली. या मृगात तिनं ती आपल्या सुनेच्या हातून टाकून घेतली, आणि मला साधा निरोप नाही. मी काही परगावी राहत नाही. ती माझी धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एक काटेरी कुंपण, दोघींच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, एक धुरा, मातीचा बांध. त्या धुऱ्याच्या अलीकडं मी काठी टेकून उभी होते. पलीकडं तिची नीतू गाऊनवर ओढणी बांधून, एका हातात मोबाइल धरून, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं बी फेकत होती.

शकुननं मला पाहिलं. पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाली, "तिकडच्या कोपऱ्याकडून टाक वो."

तिकडच्या कोपऱ्याकडून म्हणजे माझ्याकडं पाठ होईल असं.

पऱ्हे टाकायचा दिवस आमच्याकडं सणासारखा. रोवणीला लागणारी रोपं, म्हणजे पऱ्हे, ज्या बांधीत वाढवायची, तिथं त्या दिवशी बी पडतं, आणि पहिली मूठ ज्याच्या हाताला यश त्याची. गावात यश माझ्या सासूच्या हाताला होतं, तिच्या मागं माझ्या. मुठीबरोबर आमच्या मोठ्या घरच्या खताच्या पाच टोपल्या जायच्या. मूठ टाकायची, मग त्या खताची पातळ चादर बियाणावर पसरायची, म्हणजे पाखरं दाणा उचलत नाहीत आणि ओल टिकते. मूठ दिली आणि टोपल्या दिल्या नाहीत असं कधी झालं नाही. टोपल्या मी स्वतः डोक्यावर नेत आले. गड्याकडून नाही.

दुपारी नीतू गूळ-खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आली. तोही पन्नीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला.

"मोठी आई, आत्याबाईनं पाठवलं."

"तिले पाय नाहीत का?"

"त्याइचे गुडघे दुखून राहिले."

"सकारी तं धुऱ्यावर उड्या मारून राहिली होती."

पोरगी हसू दाबत होती. "तुमची तब्येत बरी नसंल म्हनून बोलावलं नाही, असं सांगाले सांगितलं."

"माही तब्येत तिले कोनं सांगितली? डाक्टर हाय का ती?"

नीतू गेली. मी प्रसाद वाटीत काढला, पन्नी चुरगाळली आणि मागच्या दारी खताच्या खड्ड्यात टाकली. खोबरं दोन दिवस वाटीतच राहिलं. एकटीच्या घरात प्रसादसुद्धा उरतो.

न बोलावण्याचं कारण मला ठाऊक होतं. मागच्या साली मूठ माझी होती आणि तिचे पऱ्हे बसले, धड उगवले नाहीत. जागोजागी टक्कल. उगवलं ते पिवळं, बोटभर होऊन थांबलेलं. तिच्या पोराला, इश्वरला, चार गावं फिरून दुसऱ्यांच्या उरलेल्या रोपांच्या जुड्या आणाव्या लागल्या, आणि रोवणी पंधरा दिवस मागं पडली. माझेही बसले होते, पण माझ्या बांधीकडं कोण बघतं? शकुन मला तोंडावर काही बोलली नाही. हातपंपावर बोलली. "बाईचा हात गेला आता," असं. हे मला गल्लीतल्या बेबीबाईनं सांगितलं, आणि सांगताना माझ्या तोंडाकडं असं पाहत होती, जसं जखमेवरची पट्टी काढताना बघतात.

तेव्हापासून शकुनचं दुपारचं येणं बंद झालं. आधी रोज यायची. माझ्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून, पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायची. साऱ्या गावाची उणीदुणी ती काढायची आणि तिची मी. चहा मी करायची, कप ती विसळायची, तोही धड नाही. वर्ष झालं, मी एकच कप चहा करते.

दुसऱ्या दिवशी मी माझे पऱ्हे टाकले. कोणाला बोलावलं नाही. लुचई धानाचं बी ढोलीत, मातीच्या कणगीत, राखून ठेवलं होतं. आधीच्या आठवड्यात त्यातले शंभर दाणे ओल्या बारदान्यात बांधून पाहिले होते, चौऱ्याण्णव फुटले. डोळ्यांना आता जवळचं नीट दिसत नाही, लांबचं दिसतं, म्हणून मोजणी बोटांनी. पाच-पाच दाण्यांच्या ढिगल्या करायच्या. योगेंद्र म्हणतो, साकोलीला ये, डोळे दाखवू. मी म्हणते, माझ्या बोटांना दिसतं ते तुझ्या डाक्टरला दिसेल का?

योगेंद्र माझा एकुलता. बायको डिंपलला घेऊन साकोलीला राहतो, हायवेवर टायरच्या दुकानात कामाला आहे. त्याचा बाप गेला त्या वर्षी त्यानं बैलजोडी आणि दोन्ही गाई विकल्या. एकटी म्हातारी ढोरं कशी पाहणार, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं, पण गोठा रिकामा झाला त्या दिवसापासून सकाळी उठून करायचं काय, हे मला समजेना. हात झाडूकडं गेला. दारापासून शाळेच्या वळणापर्यंत सारी गल्ली मी खराट्यानं झाडू लागले. दोन वर्षांमागं ग्रामपंचायतीनं पंधरा ऑगस्टला मला शाल-नारळ दिला होता, गावातली सगळ्यात स्वच्छ गल्ली म्हणून. शाल पेटीत आहे. नारळ शकुनला दिला होता. खोबरं वाईट निघालं म्हणून तिनं आठ दिवस सांगितलं.

पऱ्ह्याची बांधी घरामागंच, खड्ड्याला लागून. इश्वरच्याच ट्रॅक्टरनं वखरून घेतली होती. बोलणं नसलं तरी ट्रॅक्टर येतो. मी लुगडं खोचलं, बी पदरात घेतलं आणि बांधीत उतरले. पूर्वेकडं तोंड करून पहिली मूठ टाकली. हात तोच. मनगट सुटतं तसंच सुटलं, दाणे पंख्यासारखे पसरले. मग खड्ड्यातून खत भरायला लागले. टोपली भरायची, चढण चढायची, बांधीत ओतायची, वाकून हातानं पसरायची. पाचव्या टोपलीला कंबर धरली. बाराव्या टोपलीला मी धुऱ्यावर बसले, आणि तिथून उठायला काठी शोधत होते तर ती हातभर लांब पडली होती. ती द्यायला कोणी नव्हतं. बसल्या बसल्या सरकत गेले.

पलीकडच्या बांधीत शकुन होती. तिनं पाहिलं. हाक मारली असती तर आली असती का, ते मला सांगता येत नाही. मी हाक मारली नाही.

मग वाट पाहायची. चौथ्या दिवशी धुऱ्यावर गेले, नखाएवढं हिरवं नव्हतं. म्हटलं, ऊन कमी आहे. पाचव्या दिवशी इकडंतिकडं दिसलं. सहाव्या दिवशी धुऱ्याच्या पलीकडं शकुनच्या बांधीवर हिरवी साय धरली होती. गाऊनवाल्या हाताची मूठ! माझ्या बांधीत कुत्र्याच्या लुतीसारखे चट्टे. मधे मधे पिवळ्या काड्या, आणि एक घमेलं पालथं घालावं एवढाली मोकळी जागा.

धनीराम तलावाकडून जाळं खांद्यावर टाकून येत होता. ढिवराचा म्हातारा, माझ्या नवऱ्याच्या वयाचा. धुऱ्यावर थांबला.

"मोठीबाई, कोनाची वाट पाहून राहिली?"

"धानाची."

त्यानं बांधीकडं पाहिलं आणि जाळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बोलला असता तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते.

"मासोळी भेटली का?" मीच विचारलं.

"कायची मासोळी! जाळं वढलं तं अर्धं पन्न्याइनं भरलं. वजन लागलं तवा मले वाटलं, मोठा मरळ हाय. वर काढला तं खताची फाटकी चुंगडी!"

तो गेला. मीही घरी गेले.

त्याच सांजेला बेबीबाई आली. तिच्याकडं पऱ्हे टाकायचे राहिले होते आणि मूठ मी टाकायची असं फाल्गुनातच ठरलं होतं. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"काकी, तुमाले कायले तकलीफ द्याची? नीतूले सांगितलं मी. तरनी पोरगी हाय, पटकन होते."

"हाव. तिचा मोबाइल बी हाय. फोटो निघंल."

"तसं नाही वो काकी."

"मंग कसं?"

ती पायानं माती उकरत होती. मग म्हणाली, "खत बी नोको. इश्वरकडून भेटते."

ती गेल्यावर मी योगेंद्रला फोन लावला. दुकानात हवा भरायच्या मशीनचा आवाज होता.

"आई, पऱ्हे बसले तं बसू दे ना. जुड्या इकत घेऊ. नाही तं यंदा पडीत ठेव. डिंपल म्हनून राहिली, आईले इकडं घेऊन या."

"डिंपल म्हनून राहिली का तू म्हनून राहिला?"

"दोघंही."

"बांधी पडीत ठेवाले मी अजून मेली नाही," असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, त्याला विचारायचं होतं, जेवलास का. पुन्हा लावला नाही.

ढोलीत एक पायली बी उरलं होतं. पेरलं तर ते एकदाच पेरता येणार होतं, आणि तेही बारा-तेरा दिवसांत. पुढं उशीर झाला की रोवणी निघून जाते. तेही बसलं तर बांधी पडीत, आणि मग शकुनचं म्हणणं खरं. हात गेला. हात गेलेली म्हातारी साकोलीला टायरच्या दुकानामागच्या खोलीत राहायला हरकत नाही.

सकाळी मी बांधीत गुडघ्यांवर बसले आणि टकलाच्या जागी बोटं घातली. दाणा होता. कुजला नव्हता, किड्यानं खाल्ला नव्हता. चांगला फुटला होता. पण मोड वर यायच्या ऐवजी आडवा गेला होता, पांढरा, सुतासारखा, दीड बोट. त्याच्या डोक्यावर पन्नी होती. खर्र्याची. ओल्या खताखाली चपटी बसलेली, तळहाताएवढी. मोड तिच्याखालून किनारा शोधत गेला होता, आणि किनारा दोन दाण्यांवर राहिला तेव्हा थांबला होता.

मी ती पन्नी उचलून वास घेतला. सुपारी-तंबाखूचा वास अजून होता.

दुसऱ्या जागी पाहिलं. पन्नी. तिसऱ्या जागी बिस्किटाच्या पुड्याची चकचकीत बाजू. एक पिवळं रोप उपटलं, तर त्याच्या मुळाला खताच्या चुंगडीचा, म्हणजे पोत्याचा, निळा दोरा गुंडाळलेला, बाळाच्या पायाला काळा दोरा बांधावा तसा. एका ठिकाणी डांबरासारखा काळा गोळा लागला. उन्हाळ्यात खड्ड्याच्या तोंडाशी पालापाचोळा जाळायची माझी पद्धत, त्यात काहीतरी वितळून थिजलं होतं. त्याच्याखाली चार दाणे एकत्र मेले होते.

ओंजळ भरली. दुसरी भरली. मला पहिली आठवण आली ती शकुनच्या अंगणाची. जन्मात धड झाडू न धरणारी बाई. तिच्या दारात पन्न्या वाऱ्यावर नाचतात. खर्रा खाते आणि हात झटकते, पन्नी जाईल तिकडं.

मी तशीच चिखलाच्या हातांनी कुंपणापाशी गेले.

"शकुन! भाहीर ये."

ती आली. म्हशींना चारा टाकत होती, हाताला तणीस लागलेली. वर्षभरानं आम्ही समोरासमोर होतो. ती वाळली होती.

"काय झालं, बाई?"

"हे पाह्य."

"पन्न्या हायेत."

"कोनाच्या?"

"खर्र्याच्या. मी काय नाव लिहून टाकतो का?"

"अर्ध्या तुह्याच आहेत. तुह्या अंगनातून उडतात अन् माह्या बांधीत पडतात. माहे पऱ्हे खाल्ले त्याइनं. अन् तू साऱ्या गावात सांगत फिरतेस का बाईचा हात गेला!"

शकुनचं तोंड लाल झालं. तिला वाटलं नव्हतं की मला ते कळलं असेल. तिनं हाताची तणीस झटकली. मग माझ्या ओंजळीकडं पाहिलं, आपल्या हिरव्या बांधीकडं पाहिलं.

"माह्या अंगनातल्या पन्न्या मंग माह्या बांधीत काहून नाही पडत? धुरा तं एकच हाय. वारा का तुमच्याच घरचा नौकर हाय?"

आणि ती म्हशींकडं निघून गेली.

त्या दिवशी मी भाकरी केली आणि अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या सकाळी रोजच्यासारखा खराटा घेतला. दारापासून सुरुवात केली. पिंपळाची पानं, बकरीच्या लेंड्या, पन्न्या. पानठेल्यापुढं पन्न्यांचा थरच असतो, पोरं रात्रीचे खर्रे खाऊन जातात. शाळेपुढं कुरकुऱ्याची पाकिटं. शकुनच्या दारापुढचंही मीच झाडते, नाहीतर ती गल्ली शोभेल का? सगळं टोपलीत भरलं. टोपली डोक्यावर घेतली, घराला वळसा घालून मागं गेले आणि खड्ड्यात उलटी केली.

टोपली उलटी झाली आणि माझे हात तसेच राहिले.

वारा नव्हता. त्या टोपलीला वारा लागत नाही. ती रोज माझ्या डोक्यावर जाते.

आमच्या घरात खड्डा कधी रिकामा राहिला नाही. सासू म्हणायची, जे खड्ड्यात गेलं ते सोनं झालं. शेण, राख, शिळं, पळसाच्या पत्रावळी, लग्नातली तोरणं, सगळं. वर्षानं काळं होऊन निघायचं. ढोरं गेल्यावर खड्डा खाली खाली जाऊ लागला. येणारी-जाणारी बाई मागच्या दारी डोकावून बघायची. खड्डा रिकामा दिसला की घर रिकामं दिसतं. ते मला सहन होईना. मी गल्ली झाडून तो भरत राहिले. तीन वर्षं. वरून शेण पडायचं ते रस्त्यावरचं, मूठभर. खड्डा भरलेला दिसत होता. काळाही होत होता. जवळचं मला दिसत नाही.

तरी मी लगेच मान्य केलं नाही. एक दिवस घालवला. खड्ड्यातलं खत धानाच्या चाळणीतून चाळून पाहिलं. मोठं वर राहिलं, बारीक खाली गेलं. खाली गेलेलं बादलीत पाण्यात टाकलं तर वर रंगीत कोंडा तरंगला. निळा, लाल, चांदीसारखा. चाळणीच्या हाती तो लागत नव्हता.

धनीरामला हाक मारली. "तलावाचा गाळ आनून दे एक टोपली. काठावरचा नोको, मधातला."

"कायले?"

"खाले."

"मीठ बी आनू का मंग?" असं म्हणत तो गेला, आणि दुपारी गाळ घेऊन आला. वर दोन मासोळ्या, केळीच्या पानात. "ह्या खाय," म्हणाला.

फुटक्या माठाची दोन खापरं होती. दोन्हींत सारखी माती घातली. उरलेल्या पायलीतले शंभर-शंभर दाणे मोजले, पाचाच्या वीस ढिगल्या, दोनदा. दोन्ही खापरांत बी मीच टाकलं, एकाच हातानं, एकामागून एक. एकावर गाळाची चादर, दुसऱ्यावर माझ्या खड्ड्यातल्या खताची. दोन्ही ओट्यावर ठेवली, जिथं शकुन बसायची तिथं. पाणीही एकाच वाटीनं.

धनीराम बघत होता. "दोन्हीत एकच बी?"

"एकच. हात बी एकच."

"अन् याच्यातून काय समजन?"

"कोन खोटं हाय ते."

सहा दिवस मी त्या खापरांशेजारी बसले. चहा घेऊन बसायची. पहिल्या दोन दिवसांत काही नसतं, तरी बघायची. खापरांशी थोडं बोललेही असेन. तिसऱ्या दिवशी नीतू कुंपणातून डोकावून गेली. सासूला जाऊन सांगितलं असणार. चौथ्या दिवशी गाळाच्या खापरात सुया निघाल्या. सहाव्या दिवशी मी मोजणीला बसले. गाळाच्या खापरात एक्याण्णव, सरळ, एकमेकांना टेकलेले, बोटांना रेशमासारखे लागत होते. दुसऱ्यात त्रेचाळीस. त्यातले बरेच वाकडे. एक तर पन्नीच्या भोकातून मान काढून उभा होता. त्याला मी उगीच कुरवाळलं.

पुन्हा मोजलं. तेवढेच.

हात चांगला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, एक घोट चहा पोटात जाईपर्यंत. मग मागच्या सालच्या टोपल्या आठवल्या. शकुनच्या बांधीत मी त्या रिकाम्या करत होते आणि ती म्हणत होती, "बाई, बस झालं, तुमची कंबर दुखन." मी म्हटलं होतं, पाच म्हणजे पाच. चौथीवर थांबले असते तरी थोडे वाचले असते. मीच तिचे पऱ्हे गाडले, वर हात थोपटून चादर नीट बसवली. तिनं हाताला नावं ठेवली. टोपलीकडं तिनं बघितलं नाही. मोठ्या घरची टोपली. तिच्यात काही वाईट असेल हे तिच्या मनात आलं नसणार.

माझ्याकडं अजून जवळजवळ पायलीभर बी होतं आणि दिवस तीन-चार. तलावाचा गाळ पसरून पऱ्हे उगवतील, पण गाळ घट्ट बसतो आणि त्यात जोर नसतो, शेणखत पाहिजे. चोख शेणखत या गल्लीत एकाच ठिकाणी होतं. दोन म्हशी, आणि मालकीण इतकी आळशी की अंगण झाडत नाही. पन्न्या उडाल्या त्या गल्लीत आल्या आणि मी गोळा केल्या. तिच्या खड्ड्यात शेणाशिवाय काही गेलंच नाही.

सकाळी मी तोंड धुतलं, केस बांधले. रिकामी टोपली घेतली, ती डोक्यावर न घेता कमरेवर. एका हातात दोन्ही खापरांतली उपटलेली रोपं, एक सरळ, एक दोरा गुंडाळलेलं. कुंपणाच्या फाटकातून आत गेले. वर्षभरानं. शकुनच्या अंगणात पन्न्या पायाखाली येत होत्या. मी एकही उचलली नाही.

ती म्हशीखाली बसली होती. तिनं चरवी बाजूला ठेवली, पण उठली नाही. मी टोपली तिच्यापुढं ठेवली आणि रोपं टोपलीत टाकली. नीतू दारात आली. तिच्या हातात मोबाइल नव्हता.

"बसा ना, बाई," शकुन म्हणाली. आवाज कमी होता.

"बसाले नाही आली. बोलाले आली. मधात बोलू नोको, नाही तं राहून जाईन." काठी मी दोन्ही हातांनी धरली. "माहा हात गेला नाही. दोन खापरात मोजून पाहिला. ते तू खोटं बोलली, अन् हातपंपावर बोलली, माह्या ओट्यावर नाही. ते मी विसरनार नाही, मरेपर्यंत नाही. पन तुहे पऱ्हे मीच मारले. माह्या खड्ड्यात पन्न्या आहेत, मीच टाकल्या, रोज, टोपली भरभरून. त्याच पाच टोपल्या तुह्या बांधीत आनून टाकल्या. इश्वर गावोगाव फिरला तो माह्या पायी. बेबीच्या घरी जाऊन बी सांगनार हाय. तू गलिच्छ बाई हायेस, शकुन, पहिलेपासून. पन खत तुहं चोख हाय. पुढच्या मृगात तुही मूठ मीच टाकीन, कोनी गाऊनवाली नाही, अन् चादर तुह्या खड्ड्याची राहीन. आता ऊठ अन् हे टोपली भर. दाबून भर, वरवर नोको. अशा पाच पाहिजेत मले."